टेम्पोचा हौदा

जर्मनीत कुणाकडे 'टेम्पो' मागितलात तर तो तुमच्या हातात कागदी रुमाल ठेवेल. तिकडे हा टिश्यूचा ब्रँड आहे, आणि इतका रुळलेला की कुठल्याही कंपनीच्या कागदी रुमालाला लोक टेम्पोच म्हणतात. आपल्याकडे 'झेरॉक्स'चं झालं तसं. आपल्याकडे मात्र टेम्पो म्हणजे टेम्पो! घर बदलायचंय? टेम्पो सांग. गणपती आणायचाय? टेम्पो सांग. येणारी गाडी टाटाची असो, महिंद्राची असो नाहीतर लेलँडची, आपल्या दृष्टीने तो टेम्पोच.

तर मंडळी, हा शब्द आपल्या रस्त्यांवर पसरला त्याची सुरुवात आपल्या गोरेगावातून झाली. रोज नेस्कोच्या नाहीतर निर्लॉनच्या ऑफिसात येणाऱ्या जनतेला हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांच्या लेखी गोरेगावचा इतिहास ओबेरॉय मॉलपासून सुरू होतो. :)

हँबर्ग शहरात 'विडाल आणि मुलगा' या नावाची एक कंपनी होती, १९२४ साली निघालेली. तिच्या छोट्या मालवाहू गाड्यांचं नाव टेम्पो, म्हणजे साध्या भाषेत 'वेग'. अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर) नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी काढली आणि विडालच्या सहकार्याने 'हान्सेआट' नावाची तीनचाकी बनवायला घेतली. ते काम सुरू झालं गोरेगावच्या एका शेडमध्ये. फिरोदिया मूळचे वकील, स्वातंत्र्य चळवळीतले. माणसाने ओढायच्या गाड्या जाऊन त्यांच्या जागी इंजिन यावं, हा त्यांचा ध्यास. आपल्याकडच्या ऑटोरिक्षाच्या जन्माशीही त्यांचंच नाव जोडलेलं आहे. १९६४ साली आकुर्डीला मोठा कारखाना झाला आणि पुढची सगळी कहाणी पुण्याकडे गेली. २००५ साली कंपनीने नावही बदललं, फोर्स मोटर्स झालं. शब्द मात्र आपल्याकडे राहिला.

या हान्सेआटची रचना मजेशीर होती. पुढे एकच चाक, इंजिन त्या चाकाच्याच डोक्यावर, आणि साखळीने तेच चाक फिरवायचं. मागची दोन चाकं नुसती ओझं वाहणारी. ट्रकमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत न्यायला खालून लांबलचक दांडा जातो, मागे डिफरन्शियलचा गोळा असतो, आणि त्या सगळ्याच्या वर तळ बसवावा लागतो. इथे तळाखाली यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे तळ खाली घेता आला. कारखान्यातल्या इंजिनिअरला हा तपशील बारीक वाटेल, पण पाठीवर गोणी घेतलेल्या हमालाला विचारा. छातीएवढ्या उंचीवर गोणी टाकणं आणि मांडीएवढ्या उंचीवर टाकणं यात दिवसाअखेरीस पाठीचा फरक पडतो. पुढे साठचं दशक संपताना त्याच कंपनीची मॅटॅडोर आली, तिचीही पुढचीच चाकं इंजिन फिरवायचं. आमच्या आधीच्या पिढीत शाळेची सहल, देवदर्शन, क्रिकेटची टीम, सगळं मॅटॅडोरमधून जायचं, आणि तिचं नावही टेम्पोसारखंच सामान्यनाम होऊन बसलं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा तळ, ज्याला आपण हौदा म्हणतो, त्याच्यावर माल धरून कोण ठेवतं?

(हौदा हा शब्द बघा काय सुंदर आहे. हत्तीच्या पाठीवरचा हौदा, कुस्तीचा हौदा, आणि टेम्पोचा हौदा. २००५ साली टाटाने 'एस' नावाची छोटी गाडी काढली आणि लोकांनी तिला 'छोटा हाथी' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा हत्ती आणि हौदा परत एकत्र आले. असो.)

आपल्याकडे कित्येक दशकं कंपनी मालवाहू गाडी पूर्ण विकतच नसे. ती विकायची चासी. सांगाडा, इंजिन, चाकं, फार तर केबिन. वरची बॉडी मालकाने आपल्या पसंतीच्या बॉडी बिल्डरकडून बांधून घ्यायची. (जिमवाला नव्हे.) तो खालच्या लोखंडी सांगाड्यावर आडव्या पट्ट्या टाकणार, त्यावर लाकडी फळ्या नाहीतर नक्षीचा पत्रा, बाजूंना भिंती, मागे उघडणारा फाळका. आणि दोर अडकवायला हुक कुठे? तर बाहेर. बाजूच्या भिंतींना बाहेरून, खालच्या कडेला. एखादा टेम्पो उभा दिसला की निरखून बघा. हौद्याच्या आत, तळाला, बांधायला बहुधा काहीही सापडणार नाही.

याचं कारण साधं आहे. आत कड्या ठेवल्या तर गोण्या सरकवताना मध्ये येतात, पायाला लागतात, फावड्याने वाळू उपसताना अडकतात. शिवाय तोच टेम्पो सकाळी भाजी नेतो, दुपारी फर्निचर आणि रात्री मंडपाचे बांबू. तळ सपाट हवा, रिकामा हवा. बॉडी बिल्डरने गिऱ्हाईकाला हवं तेच दिलं.

पण हुक बाहेर असण्याचा एक परिणाम होतो, आणि माझ्या मते सगळी गोम त्यात आहे. बाहेरच्या हुकाला बांधलेला दोर मालाच्या डोक्यावरून पलीकडे जातो. म्हणजे तो मालाला खाली दाबतो. पुढे सरकण्यापासून अडवत नाही, ते काम घर्षण करतं. दोराने दाब वाढतो, दाबाने घर्षण वाढतं, इतकंच. दुसरी पद्धत म्हणजे वस्तूला चारी कोपऱ्यांतून थेट तळाशी बांधायचं. तिथे घर्षण नसलं तरी पट्टा स्वतः ओढून धरतो. पण त्यासाठी तळात पकड हवी, आणि ती आपल्याकडे नव्हती.

जरा आकडे बघू. युरोपात माल बांधण्याचं जे मानक आहे (ईएन १२१९५), ते म्हणतं की करकचून ब्रेक मारल्यावर मालावर पुढच्या दिशेने त्याच्या वजनाच्या ०.८ पट जोर येतो असं धरा, आणि वळणावर बाजूला ०.५ पट. अमेरिकेचा नियमही याच आकड्यांच्या घरातला आहे. म्हणजे ८० किलोचं कपाट असेल तर ब्रेक मारताना ते ६४ किलोच्या जोराने पुढे निघतं. कोरड्या लाकडी फळीवर घर्षण त्यातला निम्म्याच्या आसपास जोर पेलेल. जुलैच्या ओल्या, चिखल लागलेल्या पत्र्यावर बरंच कमी. उरलेला जोर दोर घेणार, शेजारच्या गोण्या घेणार, किंवा केबिनची मागची भिंत. आणि त्या भिंतीला पाठ लावून कोण बसलेलं असतं ते सांगायला नको.

मग इतकी वर्षं हे चाललं कसं? माणसांमुळे चाललं. माल कसा रचायचा, जड खाली आणि पुढे, मध्ये फट सोडायची नाही, फट राहिलीच तर पोतं ठासायचं, हे हमालाला आणि क्लीनरला कळत होतं. दोराला मध्ये एक फास करायचा, टोक हुकाखालून आणून त्या फासातून ओवायचं आणि अंगाचं वजन टाकून खेचायचं. फासामुळे कप्पीसारखा फायदा मिळतो, दोर तारेसारखा ताणला जातो. शेवटी सुरगाठ. निरगाठ नाही, कारण माल उतरवताना सुटली पाहिजे. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. क्लीनरने क्लीनरला शिकवलं. काथ्याच्या दोराच्या जागी पुढे नायलॉनचा आला, तरी पद्धत तीच. (योगायोग बघा: ज्या निर्लॉनच्या आवारात आज आयटी कंपन्या आहेत तिथे नायलॉनचं सूत निघायचं, आणि ती कंपनीही १९५८ सालचीच.) मात्र नायलॉन ताणलं की लांबतं, कुठल्याही वाटसरूला विचारा ज्याच्यासमोर टेम्पोवरची गादी सैल होऊन लोंबायला लागलीये. म्हणूनच मालबांधणीचे चांगले पट्टे पॉलिएस्टरचे असतात.

या पद्धतीबद्दल मला तुच्छता अजिबात नाही. पण ती पूर्णपणे माणसाच्या हातात होती, गाडीत काहीच नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळं लॉजिक युजरच्या डोक्यात, सिस्टीममध्ये शून्य.

आणि हौद्यात नुसता माल कुठे असतो? वऱ्हाड असतं. विसर्जनाची पोरं असतात. नाक्यावरून उचललेले मजूर असतात. घरसामान हलवताना फ्रीज धरून उभा राहिलेला मेव्हणा असतो. कायद्यापुढे हा प्रश्न फार वर्षं लोंबकळत होता की मालवाहू गाडीच्या हौद्यातला माणूस अपघातात गेला तर विमा कंपनीने भरपाई द्यायची की नाही. १९९४ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी असेल तर त्याला संरक्षण मिळालं. मग बाकीच्यांचं काय? १९९९ साली सुप्रीम कोर्टाने एका निकालात विमा कंपनीला जबाबदार धरलं होतं. पण डिसेंबर २००२ मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी या खटल्यात मोठ्या पीठाने तो निकाल फिरवला: मालवाहू गाडीतून फुकट जाणाऱ्या प्रवाशांसाठी विमा कंपनी जबाबदार नाही.

म्हणजे त्याच हौद्यात, त्याच दोराला धरून दोन माणसं शेजारी उभी आहेत. एकाची कांद्याची गोणी आहे, दुसरा नुसता लग्नाला चाललाय. गोणीवाल्याला विमा, वऱ्हाड्याला नाही. निकालामागचा तर्क मला पटतो, कारण विमा ज्या जोखमीसाठी घेतला तीच त्यात येणार. पण चित्र विचित्र आहे खरं. ज्या तळावर मालसुद्धा धड धरलेला नाही तिथे माणसाला मालाच्या नात्याने जागा मिळते.

तळात पकड असावी ही कल्पना आली विमानातून. विमानाच्या सीटा जमिनीला कायमच्या जोडलेल्या नसतात. जमिनीत लांबलचक अ‍ॅल्युमिनियमच्या रेल असतात, वरून बघितलं तर एका रांगेत गोल भोकं आणि त्यांना जोडणारी अरुंद फट. भोकात बटण घालायचं, अर्धं पाऊल सरकवायचं, अडकलं. दोन भोकांमधलं अंतर एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर. आज सीटा लावा, उद्या काढून माल भरा. याचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ ७१६६, १९८५ सालचं. पुढे याच रेल व्हॅनच्या तळात आल्या आणि आता मोटारसायकली, ड्रमसेट, कपाटं, व्हीलचेअर काय वाटेल ते त्यांवर बांधतात.

कंटेनरचंही तेच. १९५६ साली माल्कम मॅकलीनने नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ कंटेनर जहाजावरून नेले, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कंटेनरच्या कोपऱ्यात फिरवून अडकवायची कुलपं बनवणारा कीथ टँटलिंगर कुणाला आठवत नाही. डबा काय, कुणीही बनवेल. तो डबा खालच्या जहाजाला, ट्रेलरला आणि दुसऱ्या डब्याला सारख्याच पद्धतीने अडकला पाहिजे, ही खरी गोष्ट. इंटरफेस! १९८९ साली न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं तेव्हापासून हे कोपरे आपल्या अंगणात आहेत. हायवेवर ट्रेलर दिसला की बघा, दोर नाही, गाठ नाही, चार कोपऱ्यांत चार कुलपं. आणि त्याच्याच शेजारच्या लेनमध्ये डोक्यावरून दोर टाकलेला टेम्पो. दोन शतकं शेजारी शेजारी चाललीत.

आपल्याकडे व्हॅनच्या तळात पकड आली ती मालासाठी नव्हे, माणसासाठी. फिल्मसिटीच्या रस्त्याला उभ्या असलेल्या व्हॅनिटी व्हॅन तुम्ही बघितल्या असतील (नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पूनम धिल्लोनच्या 'व्हॅनिटी' कंपनीने त्या इथे रुळवल्या असं मानतात), पण त्यातलं फर्निचर जागेवर पक्कं केलेलं असतं, तो वेगळा प्रकार. खरी गरज पडली रुग्णवाहिकेत. स्ट्रेचर आत सरकला पाहिजे, अडकला पाहिजे, आणि एका झटक्यात सुटलाही पाहिजे. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ ला १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली, आणि त्यातल्या प्रत्येकीच्या तळाला स्ट्रेचर धरणारी पकड हा चैनीचा भाग नव्हता. युरोपियन मानक तर म्हणतं की स्ट्रेचर आणि त्याची पकड यांनी वजनाच्या दहापट झटका सोसला पाहिजे.

हे सगळं मी खोदायला लागलो त्याला कारण माझा एक मित्र. त्याची आई व्हीलचेअरवर आहे. तिला उचलून कारच्या सीटवर बसवणं आता त्याला आणि तिलाही झेपत नाही, म्हणून त्याने एक जुनी मालवाहू व्हॅन घेऊन ती करून घ्यायचं ठरवलं. पहिला गॅरेजवाला म्हणाला, "काय साहेब, दोन हुक मारतो, दोराने बांधा की खुर्ची." चेष्टा नव्हती, त्याच्या दृष्टीने हाच सरळ मार्ग होता. पण गणित करून बघा. व्हीलचेअरच्या बांधणीची जी चाचणी असते तीत ४८ किलोमीटर वेगाला टक्कर आणि साधारण वीसपट झटका धरतात. आई ६० किलो, खुर्ची २५, एकूण ८५. गुणिले वीस, झाले १७०० किलो. माणसासाठी वेगळा सीटबेल्ट असतोच, तरी ढोबळ मानाने मागच्या दोन पट्ट्यांवर हा जोर वाटला आणि पट्टे ४५ अंशात असले तर एकेकावर १२०० किलोच्या आसपास. एक मिलिमीटरच्या पत्र्यात मारलेला स्क्रू हे पेलेल का? तो पत्र्याचा तुकडा सोबत घेऊनच येईल.

तेव्हा तळ असा झाला. व्हॅनचा मूळ तळ नालीदार पत्रा असतो, वरखाली लाटा असलेला. त्या खोलगट भागांत पट्ट्या भरून सपाटी केली, नाहीतर वरचं प्लाय पोकळ जागेवर दबतं आणि आवाज करतं. पट्ट्यांखाली गंजरोधक रंग, कारण मुंबईत पाणी आत शिरणारच आणि प्लायखाली साचलं की पत्रा आतून खातो, दिसतही नाही. त्यावर १२ मिलिमीटरचं मरीन प्लाय, आयएस ७१० छाप बघून घेतलेलं. ट्रॅक प्लायच्या वर ठेवले नाहीत. प्लायला खाच पाडून ते पृष्ठभागाच्या पातळीत बसवले, म्हणजे खुर्चीचं चाक अडखळत नाही. आणि प्रत्येक बोल्ट आरपार. जिथे खाली आडवा सांगाडा आला तिथे सांगाड्यातून, नाही आला तिथे खालून जाड लोखंडी पट्टी लावून, म्हणजे जोर एका भोकावर न येता पसरतो. भोक पाडण्याआधी खाली झोपून बघायचं, कारण डिझेलची टाकी, ब्रेकची नळी आणि वायरिंग हे तिन्ही तळाच्या अगदी खालून जातात. अजून एक मुंबई स्पेशल: ट्रॅक अ‍ॅल्युमिनियमचा, बोल्ट लोखंडाचा, आणि हवा खारट. दोन धातूंची ही जोडी ओलाव्यात बॅटरीसारखी वागते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. म्हणून मध्ये सीलंटचा थर. वरून न घसरणारं व्हिनाइल, बसमध्ये असतं तसं.

खुर्ची चार पट्ट्यांनी धरायची, दोन पुढे, दोन मागे, तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला. हूक खुर्चीच्या सांगाड्याला, चाकाला कधीच नाही. बसलेल्या माणसाचा पट्टा वेगळा, खांद्यावरून आणि कमरेवरून. फक्त खुर्ची बांधली आणि माणूस मोकळा ठेवला तर काय होईल ते लिहीत नाही.

तळ दोन आठवड्यांत झाला. कागद आठ महिने चालले. (कुठल्या ऑफिसात ते राहू दे.) यातही इतिहास आहे. कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाहीत, आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने ते आणखी घट्ट केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. १९८८ च्या कायद्यात अपंग व्यक्तीच्या गाडीची व्याख्या 'इन्व्हॅलिड कॅरेज' या नावाने होती. डोळ्यांसमोर आणा, लायसन्सवर हा शब्द! तो गेला आणि 'अ‍ॅडॅप्टेड व्हेइकल' आलं, म्हणजे माणसाच्या गरजेनुसार बदलून घेतलेली गाडी, आणि अशा बदलांना परवानगीची वाटही कायद्यातच आली. २०२१ साली राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण आलं, त्यामुळे व्हॅनमध्ये पलंग आणि शेगडी बसवायची स्वप्नं बघणारी आपली आयटीतली मंडळीही या वाटेला लागलीत. त्यांनी कृपया सिलिंडर कशाला बांधणार याचा विचार पलंगाच्या रंगाआधी करावा.

व्हॅन पहिल्यांदा लांब निघाली ती चिपळूणला. काकू खिडकीशी, खुर्चीवरच, पाच तास. कशेडीच्या वळणांवर मित्राची नजर आरशात आणि काकूंची बाहेर. त्यांना पट्ट्यांचं काही पडलेलं नव्हतं, त्यांना गाडी थांबवून वडापाव हवा होता. येताना मामाने आंब्याच्या सहा पेट्या दिल्या. ट्रॅकवर जागा होती, दोन पट्टेही शिल्लक होते. पण मामा ऐकतायत कुठे, त्यांनी घरातून दोर आणला, ट्रॅकच्या कडीतून ओवला, एक फास केला आणि अंगाचं वजन टाकून खेचला. गोरेगावला दोर सोडवायला सुरगाठीचं टोक एकदाच ओढावं लागलं.